पहिला वेटसूट: कोणी घ्यावा, कधी घ्यावा आणि केवढ्याचा

बीड जिल्ह्याची क्रीडाक्षेत्रातली आजची ओळख धावण्याची आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून इथल्या मुलांना लांब पल्ल्याच्या खेळाचं नवल राहिलेलं नाही. धावण्याबरोबर सायकल आली आणि सायकलीपाठोपाठ ट्रायथलॉनची चर्चाही आली. पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायचा हा खेळ. त्यातला पोहण्याचा भाग बहुतेकांना जड जातो, आणि नेमका त्याच भागासाठी बाजारात एक महागडी वस्तू मिळते: वेटसूट. पहिल्या शर्यतीचं शुल्क भरलं की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, हा सूट घ्यावा का, आणि घ्यायचाच तर स्वस्तात कोणता? या प्रश्नावर खेळाडू, प्रशिक्षक आणि समुद्रात पोहणारी मंडळी यांच्यात बरेच मतभेद आहेत. त्यांचा हा आढावा.

सूट आला कुठून

निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 मध्ये तयार झालं. बंद बुडबुडे असलेल्या त्याच्या फोमचा अंगावरचा सूट करण्याची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. त्याला हवा होता पाणबुड्यांसाठी पोशाख. पुढे जॅक ओनील याने तो लाटांवर सरकणाऱ्या सर्फरांपर्यंत नेला. या दोन्ही सूटांचं काम एकच, अंग गरम ठेवणं.

आधुनिक ट्रायथलॉन 1974 मध्ये सॅन डिएगोत सुरू झाला आणि 1978 मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. पोहण्यासाठी मुद्दाम बेतलेला सूट मात्र त्यानंतर, 1987 मध्ये, डॅन एम्पफील्डच्या क्विंटाना रू या कंपनीने बाजारात आणला. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता, खांद्यापाशी कापड पातळ होतं आणि छाती-मांड्यांपाशी जाड. ऊब देणाऱ्या पोशाखाचं तेव्हापासून वेग देणारं साधन झालं, आणि आजचे बहुतेक वाद या बदलातूनच निघाले आहेत.

मराठी घरांत ‘आयर्नमॅन’ हा शब्द रुळला तो 2015 मध्ये. मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची शर्यत पूर्ण केली ते हे वर्ष. पुढे कृष्ण प्रकाश यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्यांची नावं या शर्यतींच्या बातम्यांत झळकली. पुण्यात डॉ. कौस्तुभ राडकर यांच्यासारखे प्रशिक्षक उभे राहिले आणि कोल्हापूरकरांनी तर राजाराम तलावाला ट्रायथलॉनचं मैदानच करून टाकलं. ऑक्टोबर 2019 मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गोव्याची पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे निम्म्या अंतराची आयर्नमॅन, झाली, आणि ज्याला परदेशवारी परवडत नाही त्यालाही ही शर्यत एका रात्रीच्या प्रवासावर आली.

नियम काय म्हणतात

सूट घालायचा की नाही हे खेळाडूच्या मर्जीवर नसतं, पाण्याच्या तापमानावर असतं. खरेदीला निघालेल्या पुष्कळांना ही गोष्ट दुकानातून घरी आल्यावर कळते. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमानुसार हौशी वयोगटातल्या खेळाडूंना 1500 मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंश सेल्सियसच्या वर असेल तर सूट चालत नाही. त्याहून लांब अंतराला ही मर्यादा 24.6 अंश आहे. पाणी 15.9 अंशांच्या खाली गेलं तर सूट सक्तीचा. आयर्नमॅन शर्यतींत हौशी खेळाडूंसाठी साधारण 24.5 अंशांपर्यंत परवानगी असते, व्यावसायिकांसाठी मर्यादा त्याहून कडक. कापडाची जाडी कुठेही 5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तापमान शर्यतीच्या दिवशी सकाळी पृष्ठभागाखाली 60 सेंटिमीटरवर मोजतात. त्यामुळे मर्यादेच्या आसपासचं पाणी असेल तिथे अखेरचा निर्णय सुरुवातीच्या तासभर आधीच कळतो.

हे आकडे आपल्या नकाशावर ठेवून पाहावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याचा समुद्र 28 अंशांच्या आसपास असतो. तिथे निओप्रीनचा प्रश्नच येत नाही. कोलंबो आणि लंकावी इथेही तेच. हवाईतल्या कोनाची जागतिक अजिंक्यपद शर्यतसुद्धा सूटविनाच होते. उलट हॅम्बुर्ग, कोपनहेगन, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बसलटन या शर्यतींत सूट जवळपास गृहीत धरलेला असतो. म्हणून ‘पहिला सूट कोणता घेऊ’ असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: शर्यत कुठली भरली आहे?

सूट नेमकं काय करतो

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला यातलं तत्त्व नव्याने सांगावं लागत नाही. पाठीला वाळलेला भोपळा बांधून पाण्यात सोडलेलं पोर तरंगतं, तसाच निओप्रीनमधला कोंडलेला वायू अंगाला वर उचलतो. फरक जागेचा आहे. भोपळा पाठ वर धरतो, चांगला सूट कंबर आणि मांड्या वर धरतो. नवशिक्याचे पाय खाली लोंबकळतात आणि पाण्याचा सगळा रोध तिथेच वाढतो. पाय वर आले की शरीर आडवं होतं आणि तेवढ्याच श्रमात पुढे सरकतं.

संशोधनही याच दिशेने बोलतं. 1989 मध्ये हूब तुसाँ आणि सहकाऱ्यांनी सूटमुळे पाण्याचा रोध सेकंदाला 1.25 मीटर वेगावर सुमारे 14 टक्क्यांनी कमी होतो असं मोजलं. 1995 मध्ये शतार यांच्या गटाने पट्टीचे जलतरणपटू आणि ट्रायथलीट यांची तुलना केली. 400 मीटरमध्ये ट्रायथलीटांचा वेळ स्पष्टपणे सुधारला, जलतरणपटूंना मात्र जवळपास काहीच फायदा झाला नाही. त्यांचे पाय आधीच वर होते. सूटचा सर्वाधिक लाभ कच्च्या पोहणाऱ्याला होतो, असा याचा अर्थ. कच्च्या पोहणाऱ्याला तो हवाहवासा वाटतो तो उगीच नाही.

ही ओढ वेळेच्या मर्यादेने आणखी वाढते. 70.3 शर्यतीत 1.9 किलोमीटर पोहायला 1 तास 10 मिनिटं मिळतात, म्हणजे दर 100 मीटरला सुमारे 3 मिनिटं 40 सेकंद. पूर्ण आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटरला 2 तास 20 मिनिटं. चाळिशीत पोहायला शिकलेल्या माणसाला हा आकडा झोपेतही दिसतो.

चार बाजू

पहिली बाजू प्रशिक्षकांमध्ये मोठी आहे: आधी पोहणं, मग सूट. त्यांचं म्हणणं असं की सूट घालून सराव करणारा आपली चूक झाकतो. पाय का बुडतात, श्वास घेताना डोकं का उचललं जातं, हे त्याला कळतच नाही. गोव्यासारख्या शर्यतीत सूट नाही म्हटल्यावर तो उघडा पडतो. सुटाच्या पैशांत काही महिन्यांचं शिकवणीचं शुल्क निघतं, हा त्यांचा हिशेबही खरा आहे.

दुसरी बाजू म्हणते, थंड पाण्याची शर्यत भरली असेल तर सूट लवकर घ्या आणि अंगवळणी पाडा. नवा सूट छातीला आवळतो, खांदा फिरवताना ताण येतो, गळ्याशी रबर घासतं. बर्फासारख्या पाण्यात उतरताना हे सगळं पहिल्यांदाच अनुभवणाऱ्याला श्वास कोंडल्यासारखं होतं आणि तो घाबरतो. शर्यतीआधी काही वेळा उघड्या पाण्यात सूट घालून पोहलं की ही भीती जाते. हे म्हणणं अनुभवाचं आहे आणि पहिल्या बाजूशी त्याचा तसा विरोधही नाही. दोघांच्या डोळ्यांसमोरच्या शर्यती वेगळ्या आहेत, एवढंच.

तिसरी बाजू समुद्रात पोहणाऱ्यांची. महाराष्ट्रात ही परंपरा ट्रायथलॉनहून कितीतरी जुनी आहे. धरमतर ते गेटवे, संकरॉक ते गेटवे, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धा यांत पोरं साध्या पोशाखात उतरतात. पुण्याचा रोहन मोरे सात सागरी खाड्या पोहून जाण्याचं ‘ओशन्स सेव्हन’ आव्हान 2018 मध्ये पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. त्या पोहण्यांत निओप्रीन चालत नाही. या मंडळींना सूट म्हणजे उसनी ताकद वाटते. जलतरणाने असा वाद एकदा निस्तरलाही आहे: 2009 च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांत 43 विश्वविक्रम झाले आणि 1 जानेवारी 2010 पासून ते पोशाख बंद झाले. पण थंडीपुढे आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेलाही भूमिका बदलावी लागली. खुल्या पाण्याच्या शर्यतींत 2017 पासून 18 अंशांखाली वेटसूट सक्तीचा झाला. शुद्धतेचा आग्रह आणि जिवाची काळजी यांत तोल साधताना तिथेही ओढाताण झाली.

चौथी बाजू सुरक्षिततेची, आणि ती दोन्हीकडे खेचते. सूट घातलेला माणूस थकला तरी तरंगतो, हे उघड आहे. पण कोमट पाण्यात तोच सूट अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये फुजैराच्या गरम समुद्रात 10 किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या फ्रान क्रिपनचा मृत्यू झाला, तेव्हापासून गरम पाण्याच्या धोक्याकडे जगाचं लक्ष गेलं. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या 1985 ते 2016 या काळातल्या मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या 135 घटनांचा अभ्यास झाला आहे. त्यांतल्या 90 पोहण्याच्या भागात घडल्या. त्यात सुटाचा वाटा किती, हे ठरलेलं नाही. तंग सूट, थंड पाणी आणि धडधडती सुरुवात यांनी काहींच्या फुप्फुसात पाणी साठतं अशी शंका डॉक्टर घेतात. तंगपणाचा दोष सिद्ध झालेला नाही. चाळिशीपुढच्या नवख्याने सुटाआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, यावर मात्र कुणाचं दुमत नाही.

स्वस्त म्हणजे काय

बाजारात ट्रायथलॉनचे सूट ढोबळमानाने तीन थरांत येतात. युरोपात पहिल्या थराचा सूट साधारण 100 ते 250 युरोंना मिळतो. वरच्या थरात 500 ते 700 युरोही सहज जातात. ऑर्का, झोन थ्री, हूब, ब्लूसेव्हन्टी, सेलफिश या कंपन्यांचे पहिल्या पायरीचे सूट आणि डिकॅथलॉनचे खुल्या पाण्यातल्या पोहण्याचे सूट या खालच्या थरात मोडतात. परदेशातून मागवला तर सीमाशुल्क आणि टपालखर्च वर चढतो, आणि माप चुकलं तर परत पाठवणं जिकिरीचं होतं.

महाग आणि स्वस्त सुटांत फरक रबराच्या लवचीकतेचा, आतल्या अस्तराचा आणि वरच्या लेपाचा असतो. जपानच्या यामामोतो कंपनीच्या निओप्रीनचे 38, 39, 40 असे दर्जे जाहिरातीत दिसतात. आकडा वाढला की रबर अधिक ताणतं, आणि बहुधा अधिक नाजूकही असतं. नवशिक्याला याचा उपयोग मर्यादित आहे. माझं मत विचाराल तर 38 चा, अंगाला नीट बसलेला सूट हा 40 च्या ढिल्या सुटापेक्षा कधीही बरा. सुटात पाणी खेळू लागलं की ऊब जाते आणि वेगही जातो, मग किंमत कितीही मोजलेली असो.

स्वस्ताच्या नावाखाली एक चूक वारंवार होते: पाणबुडीचा किंवा सर्फिंगचा सूट घेणं. तो वरून कापडी असतो, सगळीकडे सारखा जाड, खांद्याला आखडलेला. त्यात थंडी वाजणार नाही, पण हजार मीटरनंतर हात उचलवणार नाहीत. बिनबाह्यांचा सूट हा मात्र खरा मधला पर्याय आहे. तो स्वस्त असतो, खांदा मोकळा राहतो, घालायला-काढायला सोपा. 20 अंशांच्या वरच्या पाण्यात पहिल्या सुटासाठी तो पुरतो. त्याखालच्या थंडीत काखेतून पाणी शिरतं आणि हात गारठतात.

वापरलेला सूट घेणं हा सगळ्यांत किफायतशीर मार्ग. पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात एकाच परदेशी शर्यतीसाठी घेतलेले सूट कपाटात पडून असतात. घेताना तो उजेडात ताणून पाहावा. काखेतली आणि मांड्यांमधली शिवण आधी बघावी, मग चेनखालची पट्टी. नखाने पडलेली अर्धचंद्राकृती चीर वरवरची असेल तर निओप्रीनच्या गोंदाने बुजते. अस्तरापर्यंत गेली असेल तर सूट सोडावा. रबर बोटाने दाबलं असता परत फुगत नसेल किंवा त्याला बारीक भेगा दिसत असतील, तर तो म्हातारा झाला आहे. युरोपातल्या शर्यतींच्या गावी सूट भाड्यानेही मिळतो. आधी नोंदणी करावी लागते, आणि अंगवळणी पाडायला वेळ मिळत नाही ही त्यातली उणीव.

माप आणि अंगात चढवणं

कंपन्यांचे मापतक्ते उंची आणि वजनावर बेतलेले आणि मुख्यतः युरोपीय बांध्यासाठी असतात. आखूड उंची आणि भरलेली छाती असलेल्या माणसाचं माप दोन रकान्यांच्या मध्ये पडतं. तेव्हा छातीचं माप प्रमाण मानावं. पायाची लांबी थोडी कापता येते, छाती वाढवता येत नाही. स्त्रियांची अडचण मोठी: दुकानांत त्यांची मापं मोजकीच येतात आणि पुरुषांचा लहान सूट छाती-नितंबांना बसत नाही. फक्त अंगभर पोशाख हवा म्हणून वेटसूट घेण्याची गरज नाही. लायक्राचा अंगभर पोहण्याचा पोशाख त्याच्या कितीतरी कमी किमतीत ते काम करतो, आणि सराव गरम पाण्यातही करता येतो.

सूट घालायला घाई करू नये. पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घातली की पाय सरकन आत जातो. नखं कापलेली असावीत, आणि कापड नखांनी न धरता बोटांच्या पेरांनी चिमटीत घेऊन वर सरकवावं. घोटा, गुडघा, जांघ असं खालून पक्कं बसवत यावं. जांघेत पोकळी राहिली की पुढे खांद्याला ओढ बसते, आणि लोक सूट लहान आहे असं समजतात. हात वर करून काखेत पोकळी नाही ना, दीर्घ श्वास पूर्ण घेता येतो ना, मान वळवताना गळा आवळत नाही ना, हे बघावं. कोरड्यात जरा तंग वाटला तर ठीक; कोरड्यात आरामशीर वाटणारा सूट पाण्यात ढिला पडतो.

निगा साधी आहे. गोड्या पाण्याने धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा, रुंद हँगरवर टांगायचा. बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेलं निओप्रीन एका उन्हाळ्यात कडक होतं. थंड शर्यतीतून जानेवारीत परतलेला सूट पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकवायचा तर घरातली सगळ्यांत गार भिंत त्याला द्यावी लागते.

बीडहून पाहताना

इथल्या खेळाडूची खरी अडचण सुटापेक्षा पाण्याची आहे. बिंदुसरा, माजलगाव, धनेगावचा मांजरा हे प्रकल्प चांगल्या पावसाच्या वर्षी भरतात आणि वाईट वर्षी मृतसाठ्यावर येतात. उघड्या पाण्यातला सराव करायचा तर तो पावसाळा संपल्यापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंतच. धरणात उतरायचं तर परवानगी, सोबत, बचावाची सोय या गोष्टी आधी हव्यात. सप्टेंबर 2022 मध्ये माजलगाव धरणात पोहायला गेलेल्या एका डॉक्टरांचा बुडून मृत्यू झाला आणि शोधकार्यात कोल्हापूरहून आलेल्या पथकातल्या एका जवानालाही प्राण गमवावे लागले. धरणातली मासेमारीची जाळी, बुडालेली झाडं, अचानक खोल होणारा तळ यांपुढे निओप्रीन काही करू शकत नाही. कमरेला बांधायचा भडक रंगाचा तरंगता फुगा सुटाच्या तुलनेत नाममात्र पैशांत येतो. पहिली खरेदी ती असावी, असं मी आग्रहाने म्हणेन.

सूट अंगाला लावून पाहायचा तर बीडहून पुणे गाठावं लागतं, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. हा खर्चही सुटाच्या किमतीतच धरायला हवा. ज्याची पहिली शर्यत गोव्यात किंवा राज्यातल्या गरम पाण्यात आहे त्याने हा प्रवास करूच नये. ते पैसे पोहण्याच्या शिक्षकाला द्यावेत. ज्याची शर्यत युरोपात आहे त्याने तीन-चार महिने आधी पुण्यात सूट घालून पाहावा, मग नवा की वापरलेला ते ठरवावं. दोघा-तिघांचा बांधा सारखा असेल आणि शर्यती वेगवेगळ्या हंगामात असतील तर एकत्र मिळून एकच सूट घेणंही शक्य आहे. माप सगळ्यांना खरोखर बसत असेल तरच.

अनिर्णित राहिलेले प्रश्न

तापमानाची मर्यादा नेमकी कुठे असावी यावर एकमत नाही. गरम प्रदेशातल्या हौशी, कच्च्या पोहणाऱ्याला 25-26 अंशांतही तरंगण्याचा आधार द्यावा असं काही आयोजकांना वाटतं, आणि अमेरिकेतल्या काही आयर्नमॅन शर्यतींत मर्यादेच्या वरच्या पाण्यातही बक्षिसावरचा हक्क सोडून सूट घालण्याची मुभा दिली जाते. उष्णतेचा धोका बघता ही मुभा भारतात आणावी का, यावर डॉक्टरांनी आणि आयोजकांनी एकत्र बसून बोलायला हवं.

दुसरा प्रश्न रबराचा. निओप्रीन क्लोरोप्रीनपासून बनतं. अमेरिकेतल्या लुइझियानात त्याच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या लोकांनी हवेतल्या विषारी वायूविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. पेट्रोलियमऐवजी चुनखडीपासून केलेलं निओप्रीन ‘हिरवं’ म्हणून विकलं जातं, तेही शेवटी क्लोरोप्रीनच. नैसर्गिक रबराचे सूट सर्फिंगमध्ये आले आहेत, ट्रायथलॉनमध्ये ते अजून तुरळक आहेत आणि पहिल्या पायरीच्या किमतीत बसत नाहीत. तोवर कोल्हापुरात किंवा पुण्यात एका शर्यतीनंतर टांगून ठेवलेला सूट दुसऱ्याच्या अंगावर जाणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. त्यासाठी कुठल्यातरी क्लबने मापांसकट एक वही ठेवायला घेतली, तर बीडच्या खेळाडूचं पुण्याचं निम्मं भाडं वाचेल.